राखून ठेवलेले पाणी

विहीर आता दिसत नाही. तिच्या तोंडावर सिमेंटचा स्लॅब टाकला आहे आणि रविवारी त्यावर दुचाक्या उभ्या राहतात. आपण गाड्या पाण्यावर लावतो हे मंडळीतल्या नव्या माणसांना ठाऊक नाही. सांगण्याचे कारणही नाही. मागच्या आठवड्यात पाळकांनी बोलावले म्हणून मी प्रार्थनामंदिराच्या आवारात गेलो. ते येईपर्यंत उभे राहायला सावली शोधली, ती नेमकी त्या स्लॅबवर सापडली. पायांखाली पोकळी आहे हे जाणवत होते. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला असल्या गोष्टी तळपायांतून कळतात.

पाळक तरुण आहेत. माझ्या नातवाच्या वयाचे. स्कूटरवरून उतरत त्यांनी सलाम केला आणि उभ्याउभ्याच काम सांगितले.

"बाबा, या वर्षी गुरुवारी पाय तुम्ही धुवायचे. सगळ्यांत जुने तुम्हीच."

"विचार करून सांगतो."

"यात विचार कसला? तुमचा मान आहे तो."

"म्हणूनच," मी म्हटले.

त्यांना तो विनोद वाटला. ते हसले. मी हसलो नाही.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमच्या मंडळीत पाय धुण्याचा रिवाज आहे. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची ती आठवण. बारा जणांना बाकांवर बसवतात. एक जण कमरेला पंचा बांधून गुडघ्यांवर बसतो, परातीत एकेकाचे पाय घेतो, तांब्याने पाणी ओततो आणि पुसतो. एवढेच. हे मी आयुष्यात एकदा केले आहे. त्या एका संध्याकाळवर माझी पुढची बावीस वर्षे उभी राहिली. तिच्याबद्दल मी कधी कोणाशी बोललो नाही.

मुकुंदवाडी तेव्हा शहरात नव्हती. औरंगाबाद पश्चिमेला होते आणि आमच्याकडून ते धुरासारखे दिसे. मधे रान, बाभळी आणि रेल्वेचा एकच मार्ग. छोट्या स्थानकाच्या मागे आमचे मंदिर होते. मातीच्या भिंती, वर पत्रे. दर वर्षी नाताळाच्या आधी भिंतींना चुना लागे आणि त्याचा ओला वास नव्या वर्षापर्यंत राही. उन्हाळ्यात रुळांखालच्या लाकडी स्लीपरांना तेलकट वास येई. चैत्रात कडुलिंबाचा मोहर गळून उंबऱ्यावर साचे आणि बायका तो झाडून आत येत. उपासना चालू असताना गाडी आली की पत्रे थरथरत, उपदेश थांबे आणि गाडी गेल्यावर त्याच वाक्यापासून पुन्हा सुरू होई. आम्हाला त्यात वावगे काही वाटत नसे. देव तेवढा वेळ थांबत असावा.

घंटा नव्हती. लिंबाच्या फांदीला रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता. शांतवनकाका सळईने तो वाजवत. काका रेल्वेत गँगमन होते. दिवसभर मार्गावर खडी ठोकत, संध्याकाळी मंदिराची किल्ली सांभाळत. आवार झाडणे, विहिरीचे पाणी शेंदणे, सतरंज्या झटकणे ही त्यांची कामे होती. ती त्यांना कोणी दिली नव्हती. वाचता येत नव्हते. गीते मात्र पहिल्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत पाठ. गाताना ते डोळे मिटत नसत, दाराकडे पाहत. कोणी उशिरा आले तर सरकून जागा देत.

गुरुवारी पाय धुण्याचे कामही त्यांचेच. ते त्यांचे असण्याचे कारण साधे होते, दुसऱ्या कोणाला नको होते. खरे तर त्यात धुण्यासारखे काही नसे. लाज नको म्हणून लोक घरूनच पाय धुऊन येत. बायका दोन दिवस आधीपासून वजरीने टाचा घासत. काही जण तर तेल लावून येत आणि काकांच्या हातातून पाय निसटे. शांतवनकाकांची बायको, मार्थाकाकू, यावरून त्यांना बोलल्याशिवाय राहत नसे.

"धुतलेलेच पाय धुतोय हा माणूस वर्सानुवर्स. घरी चार भांडी घास म्हणलं की पाठ दुखती."

"भांडी आधी कुणी धुऊन देतंय का मला?" काका म्हणत. "तसं असलं तर घासतो की."

मला ती कारकून म्हणे. मी शहरात एका सरकारी कचेरीत कारकून होतो, इस्त्रीचा शर्ट घालत असे आणि उपासनेत बायबलचा उतारा मीच वाचत असे. "आला बघा कारकून. आता आवाज काढून वाचील," ती शेजारणीला ऐकू जाईल असे म्हणे आणि उपासना संपली की गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवी. माझी आई लवकर गेली होती. हे इथे लिहिण्याचे काही कारण नाही, पण लिहितो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याची हकिगत पुष्कळांनी लिहिली आहे. मला आठवतात ते आवाज, किंवा आवाजांचे नसणे. शेंदताना रहाटाचा कुरकुर आवाज येई, तो थांबला. पाखरे थांबली. गुरे आधी हंबरत होती, मग तीही हंबरेनाशी झाली. खडी फोडण्याच्या सरकारी कामावरून मात्र सबंध दिवस हातोड्यांचा आवाज येत राही. आमच्या मंडळीतले निम्मे लोक तिथे जात. संध्याकाळी ते परतत तेव्हा केसांपासून पायांपर्यंत एकाच रंगाचे असत. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. तिच्या भाकरीला वास येई. तो वास सगळ्या घरांतून सारखाच येई, त्यामुळे त्या वर्षी कोणाचे घर गरीब हे ओळखता येत नव्हते.

आवारातल्या विहिरीने तळ गाठला. दुपारी झऱ्यापाशी थोडे पाणी साचे. काका दोराला धरून, दगडांच्या खोबणीत पाय रोवत खाली उतरत, वाटीने पाणी कळशीत भरत आणि कळशी वर पाठवत. वस्तीतले सगळे रांगेत उभे असत. मंडळीतले आणि मंडळीबाहेरचे. काका वर येत तेव्हा गुडघ्यांपर्यंत काळा गाळ लागलेला असे आणि तो वाळून पांढुरका होई. तो धुवायला ते पाणी घेत नसत.

चमत्कारिक गोष्ट अशी की त्याच काळात शहर वाढत होते. चिकलठाण्याला कारखान्यांचे पाये खणले जात होते. नव्या नोकऱ्यांवर आलेली ख्रिस्ती कुटुंबे रविवारी आमच्याकडे येऊ लागली. शिक्षक, परिचारिका, यंत्रावर काम करणारी शिकलेली मुले. मंदिरात जागा पुरेना. मंडळीला स्वतंत्र पंचमंडळ मिळणार, चिटणीस नेमला जाणार असे कानावर आले. त्याचा निर्णय करणारे मोठे पाळकसाहेब पाहणीला त्या गुरुवारीच येणार होते.

चिटणीस मी व्हावे असे मला वाटले. एवढेच लिहिले तर ते पाप वाटणार नाही आणि ते नव्हतेही. मी लायक होतो. पण साहेब येतील तेव्हा मी त्यांच्या नजरेत कसा भरेन याचा विचार मी पंधरा दिवस करत होतो. उतारा कोणीही वाचू शकत होते. साहेबांच्या समोर, सगळ्यांच्या मधोमध, गुडघ्यांवर बसलेला माणूस एकच असणार होता.

तयारीच्या बैठकीत मी उभा राहिलो. म्हणालो, शांतवनकाकांचे वय झाले, त्यांचे गुडघे दुखतात, इतकी वर्षे त्यांनी आमचे पाय धुतले. या वर्षी आपण त्यांना बाकावर बसवू आणि त्यांचे पाय धुऊ. तो त्यांचा मान आहे. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. लोकांनी माना हलवल्या. एका म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. मी धुतो, असे मला म्हणावेही लागले नाही. कोणीतरी दुसऱ्यानेच सुचवले.

काका दाराशी बसले होते.

"मला नगं बसवू रं," ते म्हणाले. "मला बसायची सवय नाय. माझं पाय लई खराब हायेत."

"काका, तुम्ही नाही म्हणायचे नाही," मी म्हटले. "पेत्रही प्रभूला आधी नको म्हणाला होता."

सगळे हसले. काकांनी वाद घातला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बरं. तू धू."

बाहेर पडताना मार्थाकाकूने मला अडवले. "काय रं कारकुना, तुला धुवायचेत, का दाखवायचेत?"

"काकू, तुम्ही काहीही बोलता."

"म्या काहीबी बोलते. पण तू बग."

गुरुवारी मी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली. दुपारी काका विहिरीत उतरले. नेहमीपेक्षा जास्त वेळ ते खाली होते. मी काठावर उभा राहून दोर धरला होता, कारण माझा शर्ट पांढरा होता. दोन कळश्या पाणी निघाले. काका वर आले तेव्हा त्यांच्या उजव्या टाचेला दगड लागून चीर पडली होती. त्यांनी तिच्यावर माती दाबली. पाणी गढूळ होते. काकू ते निवळायला ठेवू लागली. मी तिला एक रिकामा तांब्या दिला आणि म्हटले, "यातले मात्र नीट गाळून द्या. हे शेवटी लागेल."

तिने पदराची तिहेरी घडी केली आणि सावकाश तो तांब्या गाळून भरला. शेवटी बाकाच्या टोकाला कोण बसणार हे तिला ठाऊक होते. त्याच्यासाठीच मी पाणी राखतो आहे असे तिला वाटले असावे. मी तो तांब्या मंदिरातल्या बाजाच्या पेटीच्या मागे नेऊन ठेवला, वर वाटी झाकली.

संध्याकाळी लोक आले. त्या वर्षी कोणाच्याही घरी पाय धुवायला पाणी नव्हते. ते खडीच्या कामावरून तसेच आले. बाकांवर बसले आणि त्यांनी पाय बाकाखाली ओढून घेतले. प्रौढ माणसे, बाया, पाय लपवून बसलेली. मोठे पाळकसाहेब समोर खुर्चीत होते, काळ्या बुटांत. मी पंचा बांधला आणि गुडघ्यांवर बसलो.

मी त्याआधी कधी दुसऱ्याच्या पायाला हात लावला नव्हता. पहिलेच पाऊल परातीत घेतले आणि पाणी काळे झाले. भेगांत खडीची पूड घट्ट बसली होती, चोळूनही निघेना. एकाच्या अंगठ्याचे नख गेले होते. एका बाईच्या तळव्याला हातोड्याच्या घावाने उडालेली कपची रुतलेली होती, मी चोळताच तिने श्वास आत ओढला आणि हसून म्हणाली, "ऱ्हाऊ दे भाऊ, तिला हितंच ऱ्हाऊ दे." वास होता. घामाचा, धुळीचा, चामड्याचा. पाचव्या माणसापर्यंत एक कळशी संपली. नवव्याला मी पाण्याची धार करंगळीएवढी केली. अकराव्याला कळशी उपडी केली. गाडी आली, पत्रे थरथरले आणि गाडी जाईपर्यंत मी परातीतल्या चिखलाकडे पाहत राहिलो.

बारावे शांतवनकाका.

त्यांचे पाय गुडघ्यांपर्यंत विहिरीच्या गाळाने माखलेले होते. वाळून तडकलेला गाळ. टाचेच्या चिरेतून मातीखालून रक्त आले होते. त्यांनी पाय स्वतःच पुढे केले. एवढ्या लोकांत पाय न लपवलेले ते एकटे होते, कारण आपले पाय धुतले जाणार यावर त्यांचा विश्वास होता.

तांब्या पेटीमागे होता. चार हातांवर. मी तो विसरलो नव्हतो. एक क्षणही विसरलो नव्हतो.

मी परातीतल्या चिखलात पंच्याचे टोक बुडवले, पिळले आणि काकांच्या पावलांवरून फिरवले. दोनदा. गाळ निघाला नाही, पसरला. मग उठलो, तांब्या आणला आणि मोठ्या पाळकसाहेबांसमोर गुडघे टेकले. ते नको, नको म्हणाले. मी त्यांच्या बुटांची नाडी सोडली, मोजे काढले. पांढरे, स्वच्छ पाय. त्यांच्यावर मी ते गाळलेले पाणी ओतले. सगळे. ते गार होते. साहेबांनी डोळे मिटले. कोणीतरी गीत सुरू केले. त्यात काकांचा आवाज होता, पहिल्या ओळीपासून.

बाहेर पडताना मी काकांना गाठले. काहीतरी म्हणायला हवे म्हणून म्हटले, "काका, पाणी पुरले नाही हो."

"असू दे," ते म्हणाले. "घरी जाऊन धुतो."

घरी पाणी नव्हते. ते त्यांना ठाऊक होते, मला ठाऊक होते, आणि मला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक होते. ते लंगडत गेले. काकू त्यांच्या मागून चालत होती. माझ्याजवळून जाताना तिने पदर सावरला आणि म्हणाली, "येते, साहेब."

साहेब. त्या दिवसापासून तिने मला कधी कारकून म्हटले नाही. मला अहोजाहो करू लागली. माझ्यावरून विनोद केला नाही. उपासनेनंतर गुळाचा खडा ती दुसऱ्या पोरांना देई आणि मला हात जोडून सलाम करी. मानाने वागवणे म्हणजे काय असते हे मी तिच्याकडून शिकलो.

महिन्याभरात मी चिटणीस झालो आणि बावीस वर्षे राहिलो. पुढच्या वर्षी पाऊस पडला. माझ्या कारकिर्दीत मातीच्या भिंती पाडल्या, आजचे दगडी मंदिर उभे राहिले, दाराजवळच्या शिळेवर माझे नाव कोरले गेले. काम वाईट झाले नाही. हिशेब चोख, इतिवृत्ते सुवाच्य. लिंबाचे झाड भिंत बांधताना तोडावे लागले. त्याबरोबर रुळाचा तुकडाही गेला, कर्णे आले. मुकुंदवाडी शहरात गेली, शहराचे नाव बदलले. दर वर्षी त्या गुरुवारी पाय धुतले जात राहिले, नव्या नव्या माणसांकडून. लोक पुन्हा धुतलेले पाय घेऊन येऊ लागले.

शांतवनकाका निवृत्त होऊन वैजापूरकडे लेकीच्या गावी गेले. निघण्याच्या दिवशी किल्ली द्यायला घरी आले. मी कचेरीत होतो. जाऊन भेटावे असे पुष्कळदा ठरवले. एसटी थेट होती, दीडदोन तासांचा रस्ता. चार वर्षांनी त्यांच्या जावयाचे पत्र आले. मंडळीत पत्रे वाचून दाखवण्याचे काम चिटणिसाचे. त्या रविवारच्या सूचनांत तिसरी सूचना त्यांच्या मृत्यूची होती. मी ती स्पष्ट आवाजात वाचली. दुसरी सूचना कशाची होती ते आठवत नाही. आठवायचा प्रयत्न केला आहे.

लोक मला नम्र म्हणतात. मी सावकाश बोलतो, मागच्या बाकावर बसतो, पुढे बोलावले तर दोनदा नाही म्हणतो. हे सगळे मी त्या गुरुवारी शिकलो, आणि ज्याच्याकडून शिकायला हवे होते त्याच्याकडून शिकलो नाही.

मंगळवारी मी पाळकांकडे गेलो.

"मी धुणार नाही," मी सांगितले.

"मग बाकावर बसा, बाबा. तुम्ही मंडळीसाठी इतके केले. आम्ही तुमचे पाय धुतो. तो तुमचा मान."

पन्नास वर्षांपूर्वीची माझीच वाक्ये. तो पोरगा मनापासून बोलत होता, एवढाच फरक.

"बसणारही नाही."

"मग काय करू मी तुमचे?" ते हसून म्हणाले. पण त्यांचा चेहरा पडला होता.

"पाणी कोण भरते?"

"पाणी? टाकीला नळ आहे. पण या आठवड्यात पाणी आलेच नाही, बाबा. टँकर सांगितलाय, तो फाटकापाशी सोडून जातो. कोणी तरी पोरे बादल्या आणतील."

"पोरांना सांगू नका. मी भरतो. आणि एक करा. माझे नाव घेऊ नका."

"बाबा, तुमच्याने होणार नाही."

"होईल तेवढे करीन."

गुरुवारी दुपारी मी गेलो. आवारात कोणी नव्हते. फाटकापासून मंदिराच्या दारापर्यंत साठएक पावले आणि नंतर पाच पायऱ्या. अर्ध्या अर्ध्या बादलीने सहा खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला तिसऱ्या पायरीवर बसावे लागले. पाणी सांडले, चप्पल भिजली. कडेच्या रस्त्यावरून वाहनांचा आवाज सतत येत होता आणि उन्हाला कशाचाच वास नव्हता. शेवटच्या खेपेला बादली दोन्ही हातांनी धरली. बादली टेकवली तेव्हा मी रस्त्याकडे पाहिले. कोणी येते आहे का, ते पाहिले. कोणी येत नव्हते.

संध्याकाळी मंदिर भरले. पाय धुणे झाले. एका परिचारिकेने धुतले, चांगले धुतले, घाई केली नाही. उपासनेच्या शेवटी पाळक सूचना द्यायला उभे राहिले. शुक्रवारच्या उपासनेची वेळ. रविवारच्या पहाटेच्या भक्तीची वेळ. सतरंज्या कोणी दिल्या, फुले कोणी आणली, त्यांचे आभार. मी मागच्या बाकावर होतो. माझे नाव घेऊ नका असे मी त्यांना स्वतः सांगितले होते, आणि त्यांनी ते घेतले नाही.

सूचना संपेपर्यंत मी वाट पाहिली.